मधल्या चौकोनाचं कापड

मी फटकळ आहे. हे मला कुणी सांगायला नको, घरातल्या भांड्याकुंड्यांनाही ते ठाऊक आहे. फटकळ माणसाच्या पोटात काही राहत नाही असं लोक म्हणतात, पण ते साफ खोटं. माझ्या पोटात एक संशय नऊ दिवस राहिला आणि मी हूं की चूं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही दोघी जावा. मी थोरली, ती धाकटी. तिला सगळे धाकटीच म्हणतात, आता तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी. पुढच्या खोलीत आम्ही गोधड्या शिवतो, सतरा वर्षं झाली. लोक जुने कपडे बोचक्यात बांधून आणतात. कुठला रंग कुठे जाईल ते मी ठरवते, कापणं आणि शिवणं तिचं. माझा टाका म्हणजे उड्या मारत चाललेली बकरी. तिचा धावदोरा असा सरळ की गिऱ्हाइकं चष्मा वर करून बघतात.

आणि त्या महिन्यात तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या धाकट्या दिराला, परगावच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. काम चांगलं, राहायला दोन खोल्या. भाऊजींनी महिनाअखेर कळवायचं होतं. धाकटीला विचारलं की ती म्हणायची, "बघू." बघू म्हणजे काय, डोंबल? ती गेली तर काम बसणार, ते एक. पण मी खरं सांगते, मला कामाची भीती नव्हती. दुपारी त्या खोलीत समोर कुणी नसेल, मी कुणावर खेकसू, कुणाला चिडवू, याची भीती होती. तिला मात्र मी तसं एका शब्दाने बोलले नाही. उलट म्हटलं, "जायचं तर खुशाल जा, इथे कुणाचं अडत नाही." माझी जीभ ही अशी.

अशात घड्याळवाले आले. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, जेमतेम एक माणूस बसेल एवढं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. बोचकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि गाठ सुटेना म्हणून कितीतरी वेळ खटपट केली. एवढी बारीक चाकं फिरवणारा माणूस, पण शेवटी गाठ धाकटीने सोडवली. आत सहा कपडे निघाले. निळ्या रेघांचा पांढरा सदरा, हळदी रंगाचा रुमाल, बाटलीसारखा हिरवा परकर, लाल ठिपक्यांचं पोलकं, एक गडद निळा लोकरी कोट. आणि जांभळा झगा, साटिनचा, हातातून निसटेल इतका मऊ.

"बाकी तुम्हाला वाटेल तसं," ते म्हणाले. "हा झगा मात्र मधोमध घ्या. तो दिसला पाहिजे. मी खाटेवर पडल्या पडल्या दिसला पाहिजे."

"न दिसायला काय झालं?" मी म्हटलं. "मी मांडते म्हणजे दिसणारच."

आता माझी मांडायची रीत सांगते. गोधडीत रंग बघायचा नसतो, उजेड बघायचा असतो. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले तर भांडतील असं नवख्याला वाटतं. पण दोन्ही सारखेच गडद असले तर दहा पावलांवरून ते भांडत नाहीत, एकमेकांत बुडून जातात. म्हणून गडदाशेजारी फिकट, फिकटाशेजारी गडद. मी सगळे कपडे एका मापाच्या घड्या करून खाटेवर रांगेत ठेवते, दारात जाऊन उभी राहते आणि डोळे किलकिले करते. रंग निघून जातात, फक्त काळोख आणि उजेड उरतो. मग मी बोट दाखवते आणि धाकटी कुठलं कापड कुठे त्याच्या चिठ्ठ्या टाचते. हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांचे दंडकही मी पाळते. कच्च्या रंगाचं कापड घ्यायचं नाही, उलटी बाजू कधी वर आणायची नाही, आणि उरलेल्या चिंध्या गिऱ्हाइकाला परत न देता आतल्या थरात भरायच्या, म्हणजे दिलेलं सगळं कापड गोधडीत जातं.

त्या दिवशी दारातून बघितलं तर झग्याची घडी चमकत होती. गडद निळ्या कोटाशेजारी चांगली उठून दिसली. मी म्हटलं, "मधे झगा, त्याच्या चहूबाजूंनी कोट, मग हळदी रुमाल."

धाकटी म्हणाली, "ताई, एकदा उलगडून बघायचा का झगा? घडीवर साटिन चमकतं."

"घडी मोडली की नजर बिघडते," मी म्हटलं. "सतरा वर्षं मांडतेय मी. आता तू शिकव मला."

तिने चिठ्ठी टाचली. दोन वर्षांपूर्वी तिने मला न विचारता एक तुकडा इकडचा तिकडे केला होता, तेव्हा मी तीन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. ते तिच्या लक्षात असणार. माझ्या तरी होतं.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. चार दिवस आतल्या खोलीत पडून होते. धाकटी पेज आणून द्यायची, कपाळावर हात ठेवून बघायची, आणि बाहेर जाऊन तिच्या कात्रीचा कचकच आवाज सुरू व्हायचा. पाचव्या दिवशी मी भिंतीला धरून पुढच्या खोलीत आले. खाटेवर गोधडी पसरली होती, मधला भाग शिवून झालेला.

आणि मधे झगा नव्हता.

मधल्या चौकोनात भलतंच कापड होतं. राखेत गुलाबी कालवल्यासारखा रंग, चमक नाही, मंद. कोट होता, रुमाल होता, हिरवा होता, सगळे जिथल्या तिथे होते. एक जांभळा तेवढा कुठे नव्हता. मी पुन्हा पुन्हा बघितलं. ते कापड घड्याळवाल्यांच्या बोचक्यात नव्हतंच, मी शपथेवर सांगितलं असतं.

"उठलात कशाला ताई?" धाकटी म्हणाली आणि झटकन गोधडीची एक बाजू मधल्या भागावर दुमडून टाकली. "बरं वाटतंय का?"

"वाटतंय," मी म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, तिथेच विचारायचं होतं. आमचे हेही तेच म्हणाले. मी स्वयंपाकघरात त्यांना हळूच सांगितलं तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "विचार ना तिला."

"विचारलं की सावध होईल."

"मग नको विचारू."

"तुम्हाला काय त्याचं! घर लुटलं गेलं तरी तुम्ही कोडं सोडवत बसाल."

"साडेतीन वार झगा गेला म्हणजे घर लुटलं गेलं होय?" हे म्हणाले. "सात नंबरचा आडवा शब्द अडलाय मला, बोलू नकोस."

त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मला एकच गोष्ट दिसत होती. ही जाणार आहे. तिकडे जाऊन स्वतःचं काम सुरू करणार आहे. त्यासाठी चांगलं कापड आतापासून बाजूला पडतंय, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकायला कुठलंतरी फडकं मधे लावलंय. तो झगा तिला आवडलाच होता. कापायच्या आधी गालाला लावून बघितला होता तिने, मी बघितलं होतं.

मी शोध सुरू केला. पहिल्यांदा चिंध्यांची पिशवी उपसली. लोकरीचे तुकडे, हळदी पट्ट्या, लाल ठिपके, सगळं होतं. जांभळ्याचा सूतभर धागा नाही. राखी गुलाबीचाही नाही. म्हणजे उरलेलंसुद्धा लपवलं! ज्याला काही लपवायचं नाही तो चिंधी कशाला लपवेल?

मग मी रिळवाल्याकडे गेले. काळा दोरा घ्यायचं निमित्त. त्याला काही विचारावंच लागत नाही, तो आपणहून बोलतो. "तुमच्या जाऊबाई आल्या होत्या की परवा! राखी रंगाचं रीळ नेलं. अर्धा तास रंग जुळवत होत्या, मला वैताग आणला. सोबत तुकडा आणला होता."

"कसला तुकडा?"

"असा राखी, गुलाबीसर. म्हटलं, बाई, एवढा कुणी बघणार नाही. तर म्हणतात, ताई बघतील."

ताई बघतील! ऐका. म्हणजे माझ्या नजरेतून सुटावं म्हणून एवढी काळजी. मी काळा दोरा तिथेच विसरून घरी आले.

त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. ती मान खाली घालून टाके घालत बसायची आणि मी समोर बसून तिच्या मानेकडे बघत राहायची. तिचं प्रत्येक वागणं मला चोरटं दिसायला लागलं. ती हसली तर वाटायचं, का हसली? गप्प बसली तर वाटायचं, मनात काय शिजतंय हिच्या? एकदा ती गॅलरीत फोनवर बोलत होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड उभी राहिले. ती विचारत होती, "त्या खोल्यांना उजेड कसाय? खिडकी कुठल्या बाजूला?" शिवणाऱ्या बाईशिवाय हे कोण विचारतं? तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं.

"ताई, झोप लागत नाही का तुम्हाला?" तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. "डोळे बघा कसे झालेत."

"माझे डोळे चांगले उघडे आहेत," मी म्हटलं. "काळजी करू नकोस."

तिने जरा चमकून बघितलं. मला वाटलं, आता लागला नेम.

आणि संशय आल्याच्या सातव्या दिवशी मी तिचं कपाट उघडलं. ती बाजारात गेली होती. हे सांगताना आज लाज वाटते, पण उघडताना वाटली नाही. उलट मी न्यायाधीशासारखी ताठ उभी होते. खालच्या खणात, तिच्या शालीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं, दोऱ्याने नीट बांधलेलं. मी बोटाने कागदाचा कोपरा फाडला. आत जांभळं साटिन.

सापडला! मला आनंद झाला का दुःख झालं, ते मला आजही सांगता येत नाही. आपलं खरं निघालं की एक गुदगुली होतेच, मग ते कितीही वाईट का असेना. आणि त्याच वेळी आठवत राहिलं. एकोणीस वर्षं एका चुलीवर जेवलो. माझ्या बाळंतपणात हिनेच मला न्हाऊ घातलं. ही अशी? तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. मी पुडकं होतं तसं ठेवलं आणि कपाट लावून घेतलं.

आमचे हे त्या संध्याकाळी म्हणाले, "पुडकं सोडून बघितलंस का पूर्ण?"

"काय बघायचंय अजून? जांभळं म्हणजे जांभळं."

"बरं," हे म्हणाले. "तू म्हणशील तसं."

मी ठरवलं, घड्याळवाल्यांच्या समोरच बोलायचं. घरात बोलले तर रडारड होईल, भाऊजी मधे पडतील, आणि उद्या हीच म्हणेल की ताईंना काहीतरी वाटलं. चारचौघांत बोललं की प्रकरण मिटवता येत नाही. आणि मनाच्या तळाशी आणखी एक होतं, तेही सांगून टाकते. ती चोर ठरली तर ती मला सोडून गेली असं होणार नव्हतं. मी तिला घालवली असं झालं असतं. त्यात कमी दुखेल असं मला वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी घड्याळवाले आले. दुकान उघडायच्या आधी, अंगावर धुतलेला सदरा. धाकटीने गोधडी खाटेवर पसरली, कडा सारख्या केल्या आणि चहा आणायला आत वळली. मी म्हटलं, "थांब. इथेच थांब जरा."

ती थांबली.

"घड्याळवाले," मी म्हटलं, "तुम्ही बोट ठेवायच्या आधी मीच सांगते. तुम्ही झगा मधे लावायला सांगितला होता. मधे जे दिसतंय तो तुमचा झगा नाही. मी चार दिवस तापाने पडले होते, तेवढ्यात इथे कापड बदललं गेलं. झगा या घरातच आहे. हिच्या कपाटात, शालीखाली, कागदात गुंडाळून ठेवलाय. मी डोळ्यांनी बघितलाय."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर शपथा घेईल. तिने तसलं काही केलं नाही. माझ्याकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही माझं कपाट उघडलंत?"

"उघडलं!" मी म्हटलं. "उघडायची वेळ तू आणलीस."

घड्याळवाले आमच्या दोघींकडे बघत होते. बोलणं त्यांना कळलं की नाही कोण जाणे. ते उठले, चष्मा चढवला, खाटेजवळ वाकले आणि मधल्या चौकोनावर हात ठेवला. तळहात पूर्ण टेकवून, ताप बघावा तसा.

"अहो, हाच की तो," ते म्हणाले.

"नाही हो. तुमचा झगा जांभळा होता."

"अंगात घालायची तेव्हा जांभळा. पण वाळत घालताना ती सगळे कपडे उलटे करून घालायची, उन्हाने विटू नयेत म्हणून. माझ्या दुकानातून आमची गच्ची दिसते ना. काम करताना मान वर केली की दोरीवर हा असा दिसायचा, राखी, वाऱ्यावर. मग मला कळायचं, आज बाईसाहेबांचं धुणं झालं, आता जेवायला हाक येणार." त्यांनी चष्मा काढला. "जांभळा मी रोज कुठे बघितला? कधी कुणाकडे जायचं असलं तरच. मला तर हाच ओळखीचा."

धाकटी आत गेली. पुडकं घेऊन आली, दोरा दाताने तोडला आणि कागद खाटेवर उघडला. आत दोन बाह्या होत्या आणि गळा, बटणांसकट. वरून जांभळ्या. तिने एक बाही उलटी केली. आतून राखी गुलाबी. उभा ताणा जांभळा आणि आडवा बाणा राखी, अशा विणीचं कापड. साटिनमध्ये असं असतं. मला माहीत होतं, शंभरदा बघितलं होतं. पण आमच्याकडे उलटी बाजू वर येत नाही, म्हणून नऊ दिवसांत एकदाही ते माझ्या डोक्यात आलं नाही. त्या राखी चौकोनाला नुसतं बोटाने चाचपलं असतं तरी कळलं असतं. मी त्याला हातच लावला नव्हता, लांबूनच बघत होते.

"बाह्यांतून चौकोन निघत नव्हता," ती घड्याळवाल्यांना म्हणाली. "आमच्याकडे उरलेलं आत भरतात. पण ही बटणं त्यांनी स्वतः लावलेली दिसली, दोऱ्याचा रंग वेगळा होता. म्हटलं, तुम्हाला द्यावं. म्हणून बाजूला ठेवलं."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पसरल्यावर जांभळा आणि कोट एक झाले, ताई. मी दारात जाऊन बघितलं, तुम्ही बघता तसं. मधे नुसता काळा खड्डा दिसत होता. घड्याळवाले म्हणाले होते, दिसला पाहिजे. म्हणून उलटा घेतला."

"मग मला सांगायचंस!" मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण कुठून आला देव जाणे.

"तुम्हाला ताप होता. आणि..."

"आणि काय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि चहा आणायला आत गेली.

तिच्या त्या 'आणि'च्या पुढे काय होतं ते मला न सांगता कळलं, दोन वर्षांपूर्वीचे माझ्या अबोल्याचे ते तीन दिवस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घड्याळवाल्यांनी बाह्या नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या, गोधडी खांद्यावर घेतली आणि जाताना धाकटीला वाकून नमस्कार केला. तिने चहा आणला होता, तो तसाच राहिला.

दुपारी मी तिच्याजवळ गेले. ती ओट्याशी भाजी निवडत होती. मला माफी मागायची सवय नाही. तरी म्हटलं, "चुकलं माझं. डोकं फिरलं होतं माझं. तू जाशील या भीतीने मी आंधळी झाले."

"असू दे ताई," ती म्हणाली. "गवार चिरू का मोडू?"

"तू काहीतरी बोल मला. शिव्या दे."

"असू दे म्हटलं ना."

संध्याकाळी भाऊजी आले. त्यांना कळलं होतं. कधी आवाज न चढवणारा माणूस, दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, ती तर चार दिवसांपूर्वीच नको म्हणाली होती. खोल्यांची सगळी चौकशी केली आणि मग म्हणाली, ताईंना एकटं टाकून मी कुठे जाऊ, तुम्ही नाही म्हणून कळवा. मी कळवलं." मग चपला काढत म्हणाले, "आज मला विचारत होती, अजून काही होईल का. ती जागा आता दुसऱ्याला गेली."

म्हणजे मी तिचं कपाट उघडलं त्याच्या आधीच तिने माझ्यासाठी घर नाकारलं होतं.

ती राहिली. मला हवं होतं तेच झालं. रोज दुपारी ती समोर बसते. वेळेवर येते, वेळेवर उठते, मी काही विचारलं तर उत्तर देते. मी विनोद केला तर हसतेही. कपाटाला तिने कुलूप लावलं नाही. मी दोनदा बघितलं, नाहीच लावलं.

गेल्या आठवड्यात बेकरीवालीची गोधडी होती. तिच्या घरचे कपडे सगळे तपकिरी, बदामी, मातकट, त्यामुळे मांडायला अवघड. मी खाटेवर घड्या लावल्या, दारात गेले, बोट दाखवत गेले. आता मी घड्या उलगडूनही बघते, पण खरं सांगते, त्या दिवशी घाई होती. धाकटीने चिठ्ठ्या टाचल्या. तीन दिवसांनी अर्धी गोधडी शिवून झाली तेव्हा मी सहज दारातून मागे वळून बघितलं. डावीकडचे दोन तपकिरी एकमेकांत पार बुडाले होते. शिवण कुठे आहे तेही दिसेना. तिथे गोधडीला मोठा डाग पडल्यासारखा झाला होता.

"अगं, हे दोन एक झाले," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

"शिवताना दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

"कधी?"

"कापतानाच."

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तो असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. तीन दिवस ती तो डाग शिवत होती, एकेक टाका सरळ, सारखा, आणि मी समोर बसून होते.

"उसव," मी म्हटलं.

तिने ब्लेड घेतलं आणि उसवायला लागली. सुस्कारा नाही, काही नाही. दोरे ओढून एका बाजूला गोळा केले, कापडावर हात फिरवून टाक्यांची भोकं मिटवली. मी बदामी सदरा उचलला, उलगडला, मग मातकट परकर उचलला, तोही उलगडला, उलटा करून बघितला. दोन्ही तिच्यासमोर धरले. माझे हात भरून आले तरी मी धरूनच राहिले.

"यातलं कुठलं लावू या?" मी विचारलं. "तुला काय वाटतं? अगं, खरंच विचारतेय. तुला जे वाटेल ते."

तिने सुईत नवा दोरा ओवला, गाठ मारली आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही सांगा."